तारप्याकडे पाठ करायची नसते

तो आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. उशीच्या अभ्र्यावर आहे, चहाच्या कपावर आहे, शाळेच्या भिंतीवर आहे, बँकेच्या कॅलेंडरवर आहे. पांढऱ्या रेषांचं मोठं वेटोळं, हातात हात गुंफून नाचणारी माणसं आणि मधोमध एक जण, किंचित वाकलेला, तोंडाशी लांब वाद्य धरलेला. वारली चित्र म्हटलं की डोळ्यांपुढे आधी हाच येतो.

त्याचा आवाज कसा असतो, सांगता येईल?

जव्हारजवळच्या एका शाळेत मी हा प्रश्न मुलांना विचारला होता. चित्र तर सगळ्यांनी ओळखलं. ‘तारपा!’ म्हणून वर्ग ओरडला. आवाज ऐकलाय का, म्हटल्यावर मात्र गडबड थांबली. दोघातिघांनी मोबाइलवर ऐकला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या आज्याकडं हाय. पण तो वाजवीत नाय आता. त्याचे दात पडलं.’

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. तारपा चुलीच्या वर आढ्याला टांगलेला होता. धुराने काळा झालेला, सांध्यांचं मेण सुटलेलं, ताडपानांचा कर्णा एका बाजूने उसवलेला. आजोबांनी तो खाली काढला, फडक्याने पुसला आणि तोंडाला न लावता नुसती बोटं भोकांवर ठेवली. बोटं चालायला लागली. आवाज नव्हता, पण चाल पूर्ण होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये एकदा थांबले आणि म्हणाले, ‘हितं नाचणारं वळत्यात.’

त्या दिवसापासून मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. ती चाल आजोबांच्या बोटांत आहे, आणि फक्त तिथेच आहे.

असे आजोबा आपल्या डोंगरपट्ट्यात अजून आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी, वाडा, कुठल्याही तालुक्यात विचारा, कुणीतरी एखाद्या पाड्याकडे बोट दाखवेल. म्हणूनच हा लेख घाईने लिहितो आहे. अजून विचारायला माणूस आहे.

आणि एकट्या तारप्याची ही गोष्ट नाही. घांगळी आहे. बांबूची दांडी, दोन भोपळे, वर ताणलेल्या तारा. भगत मांडीवर घेऊन ती छेडतो आणि कणसरीची, म्हणजे धान्यमातेची कथा गातो. थाळी आहे. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढायची. थाळीतून असा अखंड गुंजारव उठतो की डोळे मिटून ऐकलं तर तो कुठून येतोय ते कळत नाही. त्या नादावर रात्ररात्र कथा चालते. कोकणा समाजाची पावरी आहे. बोहाड्यात मुखवटे घालून देव-दैत्य येतात तेव्हा त्यांना नाचवणारा संबळ आहे. आणि धवलेरी आहे. लग्नघरात देवचौक लिहिला जातो तेव्हा गाणारी ती बाई. तिच्या हातात वाद्य नसतं, गळा असतो. चौकाचं चित्र जगभर गेलं. तिचं गाणं त्या ओसरीतून बाहेर आलं नाही.

हा फरक कसा पडला, ते आपल्याला ठाऊक आहे. चित्र कागदावर आलं. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारखा चित्रकार गंजाडला पोचला, कागद आणि रंग पुढे केले, आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून जे उतरलं ते जगाने पाहिलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज डहाणू तालुक्यात कितीतरी घरांची चूल या चित्रावर पेटते. भिंतीवरचं चित्र पावसाळ्यात पुसलं जायचं. कागदाने ते टिकवलं, आणि टिकलं म्हणून ते शिकता आलं, विकता आलं, पुढच्या हातात देता आलं.

आवाजाला तो कागद आपण अजून दिलेला नाही.

आपल्या पालघर जिल्ह्याने आपल्या मातीतल्या किती गोष्टींना नाव मिळवून दिलं ते बघा. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. वाड्याच्या कोलमला आहे, बहाडोलीच्या जांभळाला आहे, वारली चित्राला आहे. शेतकरी झटले, कलाकार झटले, कुणी कागदपत्रं केली, कुणी खेटे घातले. म्हणजे हे आपल्याला जमतं. २०२६च्या पद्म पुरस्कारांत जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव आलं, तेव्हा आपण केवढे हरखलो! वयाच्या नव्वदीनंतर ही दखल घेतली गेली. त्यांच्यासोबत, त्यांच्या आसपासच्या पाड्यांत वाजवणाऱ्या बाकीच्यांची दखल कोण घेणार? दिल्ली एकेकाला पुरस्कार देईल. सगळ्यांना ऐकणं आपलं काम आहे.

म्हणून म्हणतो, आपण आपला ध्वनिसंग्रह करू या. एक अल्बम. आपल्या डोंगरातल्या वादक-गायकांचा, त्यांच्या नावानिशी, त्यांच्या पाड्याच्या नावानिशी. त्यात कीबोर्ड नको, मागून जोडलेला ठेका नको, मुंबईच्या स्टुडिओत चढवलेलं पॉलिश नको. भोपळा, बांबू, ताडपान, काशाची थाळी, कातडं आणि माणसाचा श्वास. दीडेक तासाचा ऐवज झाला तरी पहिल्या खेपेला पुष्कळ.

‘यूट्यूबवर आहेत की तारप्याचे व्हिडिओ,’ असं कुणी म्हणेल. आहेत, आणि ज्यांनी टाकले त्यांचे उपकारच आहेत. पण त्यातले बरेचसे उघडून बघा. स्वागत समारंभातली अर्ध्या मिनिटाची झलक, मागे सूत्रसंचालकाचा माइक, खाली लिहिलेलं ‘आदिवासी नृत्य’. वाजवणारा कोण? चाल कोणती? वाद्य कुणी केलं? काही नाही. ज्याच्या गावाचा आणि नावाचा पत्ता नाही, तो आवाज उद्या कुठल्याही जाहिरातीच्या मागे लावता येतो.

तारपा नीट ऐकायला वेळ द्यावा लागतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या, आत पातळ जिभल्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वादक गालांत हवा साठवतो, नाकाने श्वास घेतो आणि फुंक तुटू देत नाही. नाच रंगला की तासन्‌तास. घोळकाठी घेतलेला पुढचा गडी काठी आपटून खूण करतो, वादक चाल बदलतो, वेटोळं उलगडतं, पुन्हा आवळतं. चाल बदलली की पावलं बदलतात. ही सगळी बोलीच आहे. अर्ध्या मिनिटाच्या झलकेत तिचं एखादं अक्षर येतं.

या नाचाचा एक नियम आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. नाचणाऱ्याने तारप्याकडे पाठ करायची नसते. वेटोळं कितीही फिरो, तोंड मधल्या माणसाकडेच राहिलं पाहिजे.

आपण पाठ केली असं मी म्हणणार नाही. आपली पाठ वळवली गेली. भात कापून झालं, दिवाळी सरली की नाचायचे दिवस. आणि नेमकं तेव्हाच मोखाड्या-जव्हारच्या कुटुंबांना भांडी-कुंडी बांधून भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जावं लागतं. तरणी पोरं पाड्यात नाहीत, तर वाजवणाऱ्याने कुणासाठी वाजवायचं आणि कुणाला शिकवायचं? लग्नात डीजे आला, कारण डीजे लावला नाही तर पाहुणे नावं ठेवतात. शाळेत स्नेहसंमेलनाला गाणं लागतं ते पेन ड्राइव्हवरून. यात दोष एकाचा नाही. पोट आधी, हे कुणालाही पटेल. पण एक संग्रह हाताशी असेल तर भट्टीवरच्या झोपडीतही मुलाच्या कानावर आजोबांची चाल पडेल. आज त्याच्या मोबाइलमध्ये ती नाही, कारण आपण ती भरून ठेवलेली नाही.

अशी कामं आपल्या देशात झाली आहेत आणि त्यांची फळं दिसतात. राजस्थानात बोरुंदा नावाच्या गावी १९६० साली कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी रूपायन संस्थान उभं केलं. कोठारींनी गावोगाव हिंडून लंगा आणि मांगणियार या गायक समाजांची गाणी मुद्रित केली. कमायचा हे वाळवंटातल्या जजमानांच्या अंगणातलं वाद्य. ते वाजवणाऱ्या साकर खान यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, आणि आज मांगणियारांची पोरं जगभरच्या मंचांवर गातात. सुरुवात झाली होती ती एका माणसाने टेप घेऊन समोर बसण्यापासून.

आपल्या महाराष्ट्रातच बघा ना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून जास्त. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव. जाती घराघरांतून गेली, पिठाची गिरणी आली, पण ओव्या राहिल्या, आणि मुळशी-मावळातल्या ज्या बायांना कुणी ‘कवी’ म्हटलं नव्हतं त्यांची नावं आज अभ्यासक आदराने घेतात. ते दोघंही आता हयात नाहीत. काम उरलं आहे.

मला कुणी विचारतं, रेकॉर्डिंग म्हणजे खर्च किती, यंत्रं किती! पूर्वी होतं तसं. आज खिशात मावणारा चांगला ध्वनिमुद्रक, दोन माइक, कानाला हेडफोन एवढ्यावर उत्तम काम होतं. आपल्याच वसई-विरारमध्ये ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेतलेली, लग्नाच्या शूटिंगवर राबणारी कितीतरी पोरं आहेत. तुमच्यापैकी कुणी असेल तर तुमच्याशी थेट बोलतो. महिन्यातली एक शनिवारची रात्र द्या. स्टुडिओ शोधू नका, पाड्यात या. सारवलेलं अंगण आणि कुडाची भिंत यांच्याइतका उबदार आवाज स्टुडिओत मिळत नाही. पत्र्याचं छप्पर तेवढं टाळा, ते खणखणतं. तारपा मोठा बोलतो, त्याला माइकपासून चार पावलं लांब बसवा. घांगळी कुजबुजते, तिच्या अगदी जवळ जा. थाळीसाठी तर शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा तासभर बंद ठेवायची विनंती करावी लागेल. पाड्यातली माणसं ती आनंदाने ऐकतात. मोठ्या फायली तशाच, वेव्ह स्वरूपात ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवल्या की आवाजातला जीव जातो. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

आणि माइक लावण्याआधी विचारा. हे कळकळीने सांगतो. काही कथा देवाच्या आहेत, ठरावीक वेळेलाच गायच्या आहेत. भगताने ‘हे नको’ म्हटलं तर ते नको. जे मुद्रित झालं ते त्यांना तिथल्या तिथे ऐकवा. ‘आवडलं नाही, परत वाजवतो’ म्हणायचा पहिला हक्क त्यांचा. आपला कॉपीराइट कायदाही हेच सांगतो. वादक-गायकाच्या संमतीवाचून त्याची कला मुद्रित करता येत नाही, आणि हा त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. तेव्हा साध्या मराठीत, शक्य तर वारलीत, एक पानी संमतीपत्र करू या. त्यात पैशाचं स्पष्ट लिहू या. रेकॉर्डिंगच्या रात्रीचं मानधन रोख आणि त्याच रात्री. पुढे विक्रीतून जे येईल त्याचा वाटा किती, तोही आधीच ठरलेला. कोणत्या चाली घ्यायच्या, मुखपृष्ठावर काय छापायचं, हे पाड्यातली तरुण मुलंमुली ठरवतील. बाकीच्यांनी बॅगा उचलायच्या.

अल्बम निघाल्यावर तो पोचणार कसा, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ऑनलाइन टाकावाच, पण त्यातून येणारा पैसा थोडा आणि डोंगरातलं नेटवर्क त्याहून थोडं. आपल्याकडे गाणी कशी पोचतात? बाजाराच्या दिवशी मोबाइल रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्ड पुढे करायचं, ‘गाणी भरून दे’ म्हणायचं. दुकानदार मित्रांनो, तुमच्या संगणकावर या अल्बमला एक फोल्डर द्या. गिऱ्हाइकाने लग्नाची गाणी मागितली की त्यातच आपल्या पाड्याच्या दोन चाली भरून द्या. एवढं तुम्ही केलंत तर कुठल्याही मोठ्या कंपनीला जमलं नसतं ते होईल.

महालक्ष्मीची यात्रा आहेच. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस डहाणूच्या त्या गडाखाली सगळा डोंगर लोटतो. तिथे प्रसादाच्या आणि खेळण्यांच्या दुकानांमध्ये एक छोटा मांडव टाकू या. पेन ड्राइव्ह, सोबत वादकांची ओळख सांगणारी पातळ पुस्तिका, आणि बाजूला प्रत्यक्ष वादक बसलेला. आई-बापाचा हात धरून आलेलं पोर तिथे थांबेल. फुंकून बघू म्हणेल. आवाज निघणार नाही, हसतील सगळे. आजोबा म्हणतील, ‘गाल फुगव.’

शिक्षकांकडे माझं वेगळं मागणं आहे. परिपाठाला आठवड्यातून एक दिवस ही चाल वाजू द्या. मुलांना गृहपाठ द्या: घरात, शेजारी कुणाकडे जुनं वाद्य आहे का, ते कुणी बनवलं, कुणाकडून शिकले, चालीला काय म्हणतात. वहीच्या एका पानाचं काम आहे. तालुक्यातल्या शंभर मुलांनी ते केलं तर आपल्याला वादकांचा असा नकाशा मिळेल जो आज कुणाकडेच नाही.

शेतकऱ्यांनो, परसात दुधीचे दोन वेल तारप्यासाठी राखा. हसू नका, हे खरं काम आहे. सगळे दुधी भाजीसाठी कोवळे तोडले जातात, वेलावर वाळू द्यायला कुणी ठेवत नाही. ठेवलेच तर बाजारच्या बियाण्याच्या दुधीची साल बऱ्याचदा पातळ निघते. जाड सालीच्या गावठी दुधीचं बी कुणाकडे असेल तर ते वाटा. वाद्य बनवणारा हात आणि त्याला लागणारा भोपळा, दोन्ही नसतील तर अल्बम ऐकून शिकू म्हणणारं पोर फुंकणार कशात?

घरात लग्न असेल तर वरातीला डीजे राहू द्या, भांडण नको. हळदीच्या रात्री एक तास तारपा बोलवा. ठरलेली बिदागी द्या, जेवायला पंगतीत बसवा, आणि धवलेरीला गाऊ द्या, तिच्या वेळी स्पीकर बंद ठेवा. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला आपली तरुण पोरं तारपा घेऊन मिरवणुकीत पुढे चालतात ते बघितलं की माझा ऊर भरून येतो. त्यांना लाज वाटत नाही, त्यांना अभिमान आहे. फक्त खांद्यावरचा तारपा तोंडाला लावून वाजवणारे त्यांच्यातले थोडे आहेत. त्या अभिमानाला चाल मिळाली पाहिजे.

मुंबई-ठाण्यात, पुण्यात, आणखी दूर गेलेली आपली माणसंही यात आहेत. तुमच्याकडे जुन्या कॅसेटी असतील. कुणी पूर्वी टेपरेकॉर्डरवर काकांचा तारपा भरून ठेवला असेल, आजीचं लग्नगाणं असेल. माळ्यावरचा तो डबा खाली काढा. कॅसेटच्या फितीला आपल्या दमट हवेत बुरशी धरते, फीत चिकटते. ती जुन्या मशीनमध्ये घालून सारखी लावून बघू नका. जाणकाराकडून एकदाच साफ करून संगणकावर उतरवून घ्या. कदाचित त्या साठ मिनिटांत अशी एखादी चाल असेल जी आज कुणाच्याही बोटांत उरलेली नाही.

पैशाचं म्हणाल तर, माझा विश्वास वर्गणीवर आहे. एखादी कंपनी एकरकमी देईल, घेऊ या, पण प्रत्येक पाड्याचे दहा-दहा रुपये त्यात असले पाहिजेत. ज्याचे दहा रुपये आहेत तो हक्काने विचारतो, ‘आमच्या पाड्याचं गाणं कितव्या नंबरावर हाय?’

काम सुरू करायला कुठल्या मंजुरीची वाट बघायची नाही. या लेखाचा वाचक ज्या गावात असेल तिथे चार जणांनी जमावं. एकाकडे चांगला फोन असेल, एकाला लिहिता येत असेल, एकीची सगळ्या पाड्यांत ओळख असेल, एकाकडे मोटरसायकल. एवढ्यावर पहिली यादी होते. भात अजून उभं आहे. कापणी संपून माणसं भट्ट्यांवर निघण्याआधी मधे थोडे दिवस मिळतात, पाडा भरलेला असतो, नवं भात घरात आलेलं असतं आणि संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटते. आपल्याला तेच दिवस धरायचे आहेत.

त्या मुलीच्या आजोबांकडे मी परत जाणार आहे. येताना मधमाशांचं मेण आणायला त्यांनी सांगितलंय. सांधे बुजवून देतो म्हणाले. फुंकायला त्यांचा पुतण्या तयार झाला आहे, तो इतकी वर्षं नुसता नाचायचा. आजोबा शेजारी बसून बोटं दाखवणार. दोघांच्या मध्ये माइक कुठे ठेवायचा, ते कुणी जाणकार माझ्यासोबत आला तर बरं होईल. दोन जणांची जागा आहे गाडीत.